बावीस पोरांच्या शाळेचा निकाल कसा वाचायचा?

कुही तालुक्यातल्या एका गावाच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी विचारलं आहे: "आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी, पट २२, शिक्षक दोन. चौथीच्या वर्गाची सरासरी तिसरीच्या शेवटी ६८ टक्के होती, ती दिवाळीच्या आधीच्या चाचणीत ५४ वर आली. गावात लोक म्हणतात, शाळेत शिकवतच नाहीत. यंदा चौथीतली दोन पोरं कॉन्व्हेंटच्या व्हॅनमध्ये बसून जायला लागली, वीटभट्टीवरचं एक नवीन आलं. गावचे एक नोकरीवाले ५०,००० रुपये द्यायला तयार आहेत, त्यांच्या मनात मोठा टीव्ही आहे. निकाल सुधारायला काय करावं?"

भाऊ, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. दोन पोरं गेली आणि एक आलं. मी ३३ वर्षं नागपूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, शेवटची काही वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी, होते, आणि लहान शाळांचे निकाल याच एका जागी चुकीचे वाचले जाताना मी पाहिले आहेत.

कागद-पेन्सिल घ्या. समजा गेल्या वर्षी तिसरीत सहा पोरं होती आणि त्यांना ८०, ७६, ७२, ६८, ६० आणि ५२ टक्के होते. बेरीज ४०८, भागिले ६, सरासरी ६८. आता कॉन्व्हेंटला कोण जातं? बहुतेक वेळा ज्यांच्या घरी चार पैसे आहेत आणि पोरांच्या अभ्यासाकडे बघणारं माणूस आहे, त्यांची पोरं जातात. म्हणजे ८० आणि ७६ वाले गेले. उरलेल्या चौघांची बेरीज २५२, सरासरी ६३. भट्टीवरून आलेल्या पोराला अजून मराठी नीट वाचता येत नाही, त्याला मिळाले १८. बेरीज २७०, भागिले ५. सरासरी ५४.

एकाही पोराचा एकही गुण कमी झाला नाही, तरी वर्ग १४ टक्क्यांनी 'घसरला'. तुमच्या शाळेत नेमकं असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. तुमच्या मॅडमकडे किंवा सरांकडे खरे आकडे आहेत, ते मागा आणि नावानिशी मागा. पण पाच पोरांच्या वर्गात एक पोरगं म्हणजे २० टक्के, एवढं पक्कं ध्यानात ठेवा. साठ पोरांच्या वर्गात सरासरी काहीतरी सांगते. पाचांच्या वर्गात ती फक्त कोण आलं, कोण गेलं आणि चाचणीच्या दिवशी कोणाला ताप होता, हेच सांगते. म्हणून सभेत "सरासरी किती?" असं विचारूच नका. "कोणतं पोरगं कुठे अडलं आहे?" असं विचारा.

हे तपासायला तुम्हाला डी.एड. लागत नाही. दुसरीचं मराठीचं पुस्तक घ्या, तिसरी-चौथीच्या एकेका पोराला जवळ बसवा आणि न शिकवलेल्या धड्यातला एक परिच्छेद वाचायला सांगा. काही पोरं अक्षरं ओळखतात, पण शब्द जोडत नाहीत. काही शब्द वाचतात, पण वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतात. काही भराभर वाचतात आणि "काय झालं गोष्टीत?" विचारलं की गप्प बसतात. या तिघांना तीन वेगळी औषधं लागतात आणि गुणपत्रिकेत तिघंही 'क' श्रेणीत दिसतात. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या लिहिता-वाचता याव्यात, असं ठरवलेलं आहे. तेच माप धरा. गणितात एकच गणित द्या: ५०३ वजा २६७. मधल्या शून्यापाशी जे पोरगं अडतं, त्याला वजाबाकी येत नाही असं नाही, त्याला दशक-शतक समजलेलं नाही.

हे मी इतकं जोर देऊन का सांगते, त्याला कारण आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये सुरू झालं तेव्हा मी एका द्विशिक्षकी शाळेत होते. वर्गात नऊ पोरं. नोंदी भरायच्या, श्रेण्या द्यायच्या, आणि एकही पोरगं खाली दिसलं की वरून विचारणा व्हायची. एका मुलीला धड वाचता येत नव्हतं. शांत होती, वही स्वच्छ, फळ्यावरचं सुंदर उतरवून घ्यायची. मी तिला 'ब-१' लिहिलं. पाचवीला ती शेजारच्या गावी गेली आणि दोन महिन्यांनी तिची आई माझ्या दारात उभी राहिली. "मॅडम, तुमी तर ब देल्ता. मंग थे सर काऊन म्हणून राह्यले का हिले वाचताच येत नाई?" मला उत्तर देता आलं नाही. त्या मुलीला मी चार वर्षं रोज पाहिलं होतं, आणि तिला एकटीला बसवून कधी वाचून घेतलं नव्हतं. त्यानंतर मी एक नियम केला आणि निवृत्त होईपर्यंत पाळला: रोज प्रत्येक पोरानं माझ्यासमोर तीन मिनिटं मोठ्यानं वाचायचं.

इथेच लहान शाळेची ताकद आहे. २२ पोरं गुणिले तीन मिनिटं म्हणजे ६६ मिनिटं. दोन शिक्षकांत वाटलं तर प्रत्येकी ३३. व्हॅननं जिथे पोरं जातात तिथे एका वर्गात चाळीस-पन्नास पोरं असतील, तर तिथल्या शिक्षिकेनं कितीही मनावर घेतलं तरी हे होणार नाही. तुमच्या शाळेत रोज होऊ शकतं. होत नसेल, तर का होत नाही ते शोधायचं.

आणि ते शोधायला गेलात की तुम्ही वेळेपाशी पोचाल. साधनं म्हटलं की आपण टीव्ही, बाकं, संगणक मोजतो. माझ्या मते द्विशिक्षकी शाळेत सगळ्यात दुर्मिळ साधन म्हणजे शिक्षकाचा वेळ. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवलं आहे, म्हणजे दिवसाला चार तास. दोन शिक्षक, चार वर्ग. एकेका शिक्षकाकडे दोन वर्ग आले, तर प्रत्येक वर्गाच्या वाट्याला दिवसाला दोन तास. त्यातला एक शिक्षक पंचायत समितीत सभेला गेला, की उरलेल्याकडे चारही वर्ग. मग प्रत्येकाला एक तास. पहिलीतल्या पोराला अक्षर गिरवायला लावून चौथीला भागाकार शिकवायचा, तेवढ्यात दुसरीतली दोघं भांडतात, तेवढ्यात तांदळाची गाडी येते. या एका तासातलं खरं शिकवणं किती उरतं, ते मी जगले आहे.

म्हणून एक महिना मोजा. कोणालाही पकडण्यासाठी नाही, हे शिक्षकांना आधीच सांगून, त्यांच्यासोबत बसून मोजा. महिन्यात किती दिवस दोन्ही शिक्षक पूर्ण वेळ वर्गात होते? उरलेले दिवस कशात गेले? कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. निवडणुकीच्या कामाबद्दल तक्रार करून उपयोग नाही. पण माहितीचे तक्ते, तेच आकडे पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या ठिकाणी भरणं, फोटो पाठवणं यात जे तास जातात ते तारखेसह लिहून समितीचा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. शिक्षकानं तक्रार केली तर ती कामचुकारी ठरते. पालकांचा ठराव वेगळ्या नजरेनं वाचला जातो.

काही भार तुम्ही स्वतःच उचलू शकता. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या पोराला रोज १०० ग्रॅम तांदूळ असतो. २२ पोरं हजर असतील तर २ किलो २०० ग्रॅम. हे वजन करणं, भाजी बघणं, चव घेणं यासाठी शिक्षकाचा वेळ कशाला? समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया असायलाच लागतात. रोज एका आईची पाळी लावा. नोंदवहीवर सही मुख्याध्यापकांचीच राहील, पण त्यांचा रोजचा अर्धा-पाऊण तास वर्गात परत येईल. ग्रामपंचायतीत संगणकावर बसणाऱ्या पोराला आठवड्यातून एक दुपार शाळेच्या ऑनलाइन कामाला मदत कर म्हणा. आम्ही एका गावात हे केलं होतं, आणि सरांच्या चेहऱ्यावरचा ताण महिनाभरात उतरलेला दिसला.

आता वर्गातलं काम. रोज एक तास इयत्ता विसरायच्या. दुसरी, तिसरी, चौथी मिळून तुमच्याकडे सोळा-सतरा पोरं असतील. त्यांना वाचनाच्या पातळीनं बसवायचं: अक्षरवाली एकत्र, शब्दवाली एकत्र, गोष्ट वाचणारी एकत्र. चौथीतलं पोरगं दुसरीच्या पोरासोबत बसलं तर लाज वाटेल, अशी भीती सगळ्यांना वाटते. शिक्षकानं तसं बोलून दाखवलं नाही तर पोरांना चार दिवसांत त्याचं काही वाटेनासं होतं, गटाला नाव मात्र झाडाचं-पक्ष्याचं द्या, 'कच्चा गट' म्हणू नका. दर तीन आठवड्यांनी पुन्हा वाचून बघायचं आणि जे पुढे गेलं त्याला पुढच्या गटात हलवायचं. 'प्रथम' संस्थेनं ही पद्धत देशभर वापरली आहे आणि आपल्याकडे बऱ्याच शिक्षकांचं तिचं प्रशिक्षणही झालेलं आहे. ती शाळेत टिकत नाही, कारण वर लिहिलेला तो एक तास सलग मिळत नाही.

भाषेचं एक सांगते, कारण आपल्या भागात ते फार नडतं आणि कोणी बोलत नाही. आपल्या पोरांच्या घरी कोथिंबिरीला सांबार म्हणतात, टोमॅटोला भेदरं, पातेल्याला गंज. पोरगं पुस्तकातली 'कोथिंबीर' अडखळत वाचतं आणि आपण म्हणतो याला अनुस्वार जमत नाही. अहो, तो शब्दच त्यानं ऐकलेला नाही. मी वर्गात एक मोठा तक्ता लावला होता, एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला. पोरं स्वतः शब्द आणायची, आज्यांना विचारून आणायची. शाळेत तोंड न उघडणारी पोरं या तक्त्यापाशी बोलती झाली. देवलापारकडच्या शाळेत एकदा गोंडी शब्दांचा तिसरा रकाना आला. भट्टीवरच्या तुमच्या पोराच्या घरची भाषा छत्तीसगढी असेल तर त्याच्यासाठीही एक रकाना करा. त्याला मराठी येत नाही म्हणून त्याला काहीच येत नाही, असं समजू नका. एकदा त्याला तोंडी हिशेब घाला, हजार विटांचा भाव सांगून अडीचशे विटांचे किती ते विचारा. भट्टीवरची पोरं असले हिशेब कानांनी ऐकत वाढतात, माझ्याकडच्या एकानं तर माझ्या आधी उत्तर दिलं होतं.

हजेरीही वर्षाची बघू नका, महिन्याची बघा. आपल्याकडे दिवाळीनंतर कापूस वेचणी लागते, पुढे कुही-भिवापूरकडे मिरचीचे सातरे, म्हणजे मिरचीचे देठ खुडायच्या जागा, सुरू होतात. आई सातऱ्यावर देठ खुडायला गेली की मोठी बहीण लहान भावाला घेऊन घरी बसते. वर्षाची हजेरी ८५ टक्के दिसते आणि त्याच मुलीचे डिसेंबर ते फेब्रुवारी कोरे असतात. नेमके तेव्हाच भागाकार आणि अपूर्णांक होऊन जातात. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते आणि मार्चनंतर उन्हामुळे सकाळपाळी, त्यामुळे हिवाळ्याचे हे महिनेच आपले खरे शिकवण्याचे महिने आहेत. अंगणवाडी शाळेच्या आवारात असेल तर सेविकाताईंशी बोलून लहान भावाला तिथे बसवा. या एका गोष्टीनं मी तीन मुली वर्गात परत आणल्या होत्या.

आता पैसा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषाप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान असतं, त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर. खडू, नोंदवह्या, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती सगळं त्यातच. म्हणजे त्या दात्याचे ५०,००० हे तुमच्या शाळेचं पाच वर्षांचं अनुदान आहे. एवढा पैसा पुन्हा लवकर येणार नाही, म्हणून टीव्हीला माझा स्पष्ट नकार आहे. लोकवर्गणीतून घेतलेले टीव्ही आणि प्रोजेक्टर मी केंद्रातल्या शाळांमध्ये पाहिले. पहिलं वर्ष छान जातं. मग इन्व्हर्टरची बॅटरी उतरते, बिल थकतं, एक दिवस उंदीर वायर कुरतडतो, आणि टीव्हीवर कापड पडतं. शिवाय टीव्ही लागला की बावीसही पोरं एकदम गप्प बसतात. तुमच्या पोरांनी बोलायला आणि वाचायला हवं आहे.

मी असे खर्च करीन. २०,००० रुपये गावातल्याच बारावी किंवा डी.एल.एड. (पूर्वीचं डी.एड.) झालेल्या मुलीला, दहा महिने, महिन्याला २,००० मानधन, शाळेच्या वेळेतला तो पातळीनुसार गटांचा एक तास सांभाळायला. ती शिक्षकाच्या जागी नाही, शिक्षकासोबत. हे ठरावात लिहून ठेवा, नाहीतर सभेच्या दिवशी शाळा तिच्यावर सोडली जाईल. १२,००० ची गोष्टीची पुस्तकं. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन यांची पोरांसाठीची बरीच चित्रपुस्तकं शंभर रुपयांच्या आत मिळतात. ती कपाटात नको, दोरीवर टांगा, फाटू द्या. ६,००० रुपयांत दोन्ही वर्गांच्या भिंतींना खालून तीन फुटांपर्यंत काळा रंग द्या, म्हणजे प्रत्येक पोराला स्वतःचा फळा मिळतो आणि शिक्षकाला उभ्या उभ्या सगळ्यांचं लिहिणं दिसतं. ७,००० पंखे, दिवे आणि पाण्याच्या सोयीला. ५,००० बँकेत राहू द्या. दात्याला टीव्हीसारखी दिसणारी वस्तू हवी असते, ते समजण्यासारखं आहे. पुस्तकांच्या दोरीखाली त्यांच्या आईवडिलांच्या नावाची पाटी लावा आणि त्यांना पोरांचं वाचन ऐकायला बोलवा.

गणिताच्या साहित्याला पैसे घालू नका. शाळेला आलेली गणित पेटी कपाटात असेल, आधी ती उघडा. दशक-एकक शिकवायला तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, पुरतात. पेन्सिलीएवढे तुकडे करायचे, दहा-दहाचे गठ्ठे रबरानं बांधायचे, दहा गठ्ठ्यांचा एक भारा म्हणजे शतक. ५०३ मधून २६७ काढताना भारा सोडून गठ्ठे, गठ्ठा सोडून काड्या करायला लागतात, आणि मग त्या शून्यापाशी काय होतं ते पोराच्या हाताला कळतं.

छत गळणं, भिंतीला तडा, स्वच्छतागृह ही कामं दात्याच्या पैशातून करूच नका, ती जिल्हा परिषदेची आणि ग्रामपंचायतीची आहेत. शाळेचा विकास आराखडा करणं हे कायद्यानं तुमच्या समितीचं काम आहे. तो करा आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडून वित्त आयोगाच्या निधीतून गावाच्या आराखड्यात घालून घ्या. उमरेड-सावनेरसारख्या खाणींच्या भागातल्या गावांना जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधीही मागता येतो, त्यात शिक्षणाला प्राधान्य आहे.

त्याच २६ जानेवारीला आणखी एक करा. भाषणं आणि नाचगाणी झाली की प्रत्येक पोराला गावासमोर वाचू द्या, ज्याला जे वाचता येतं तेच. पहिलीतल्यानं चार शब्द, चौथीतल्यानं त्या दिवशीच्या पेपरातली बातमी. कोणाची कोणाशी तुलना नाही. व्हॅनमध्ये पोरं का बसतात, तर आईबापांना इंग्रजी हवं असतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण इंग्रजी आपल्या शाळेतही २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. आपल्या पोरानं बातमी वाचून दाखवलेली बापानं ऐकली, तर तो पुढच्या जूनमध्ये थांबून विचार करतो. जाहिरातीच्या फलकानं तो थांबत नाही.

सुरुवात मात्र भट्टीवरच्या पोरापासून करा. पावसाच्या आधी भट्टी बंद होईल आणि ते कुटुंब निघून जाईल, म्हणजे त्याच्याकडे तुमच्या शाळेतले शंभरेक दिवसच आहेत. वर्गातल्या बाकीच्या पोरांना एप्रिलनंतरही कोणी ना कोणी आहे. त्याला रोज तीनऐवजी दहा मिनिटं द्या, मानधनावरच्या मुलीकडे पहिलं नाव त्याचं लिहा. तो जाताना मुख्याध्यापकांना सांगून शिक्षण हमी कार्ड त्याच्या हातात द्या, म्हणजे पुढच्या गावची शाळा त्याला दाखल करून घेईल. आणि सोबत एक चिठ्ठी जोडा, की हा मुलगा आज कोणत्या पुस्तकातलं कोणतं पान वाचतो.